झाकली मूठ

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण मी लहानपणी शिकलो आणि ती मला फार आवडली. आपली अडचण आपल्यापाशीच ठेवावी, चारचौघांत तिचा उच्चार करू नये, यातच माणसाची प्रतिष्ठा आहे, असा तिचा अर्थ मी लावला होता. तो अर्थ किती अपुरा होता, हे मला पुढे जामसर या लहानशा गावाने शिकवले.

माझे बालपण अहमदनगरात गेले. आज त्या शहराचे नाव अहिल्यानगर आहे. आमचे घर ख्रिस्ती. दर बुधवारी सायंकाळी मंडळीतील दहावीस माणसे कोणाच्या तरी घरी प्रार्थनेसाठी जमत. आरंभी एखादे गीत होई. मग पाळकसाहेब विचारीत, “कोणासाठी प्रार्थना करायची आहे?” तेव्हा एकेक जण आपले दुःख सांगे. कोणाचे मूल तापाने पडलेले असे, कोणाची नोकरी सुटलेली असे, तर कोणाच्या घरी भावाभावांत अबोला असे. एकदा माझी आई उठून म्हणाली, “यंदा मुलाच्या फीचे पैसे जमलेले नाहीत. आमच्यासाठी प्रार्थना करा.” मी शरमेने मान खाली घातली. घरी आल्यावर मी तिला रागाने विचारले, “आई, आपली गरिबी सगळ्यांना कशाला सांगितलीस?”

आई शांतपणे म्हणाली, “सगळ्यांना कुठे? आपल्या माणसांना सांगितली.”

तिचे म्हणणे मला मुळीच पटले नाही.

पुढे मी शिक्षक झालो आणि १९७४ साली जामसरला आलो. हे गाव जव्हार तालुक्यात आहे. त्या वेळी हा तालुका ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निराळा झाला, तेव्हा तो त्यात गेला. डोंगरउतारांवर नाचणी आणि वरईची शेते, शेणाने सारवलेल्या कुडाच्या भिंतींची घरे, आणि पावसाळ्यात चार चार महिने कोसळणारा पाऊस असा तो मुलूख. ओढे भरून वाहू लागले, की एका पाड्याचा दुसऱ्या पाड्याशी संबंध तुटे. आमच्या शेजारी वारली कुटुंबे राहत. त्या पाड्यात ख्रिस्ती घर आमचे एकट्याचेच होते.

दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात माझी पत्नी तापाने आजारी पडली. दोन दिवस घरगुती औषधे झाली, पण ताप उतरेना. तिसऱ्या दिवशी ती क्षीण आवाजात म्हणाली, “नगरला पत्र लिहा. मंडळीला प्रार्थना करायला सांगा.”

“उद्यापर्यंत बघू,” मी म्हणालो. उगाच कशाला लोकांना काळजीत टाकायचे, असे कारण मी दिले. खरे कारण निराळे होते. परगावी जाऊन आपण पायांवर उभे राहिलो, असे मी सर्वांना मोठ्या डौलाने लिहिले होते. आता ‘आम्ही संकटात आहोत’ हे तीन शब्द लिहिताना माझा हात अडत होता.

त्या रात्री ती तापात बरळू लागली. आमची दीड वर्षाची मुलगी रडून रडून झोपी गेली. बाहेर पावसाची संततधार लागली होती. मी एकट्याने प्रार्थना करण्याचा प्रयत्न केला, पण मला शब्दच सुचेनात. तेव्हा मला बुधवारची ती लहानशी खोली आठवली. आपल्याला शब्द सुचेनासे झाले, तर ते दुसऱ्या कोणाच्या तरी ओठांवर असावेत, एवढ्यासाठीच माणसे तिथे जमत असत, हे मला त्या क्षणी उमगले. मी दिव्याजवळ बसलो आणि दोन पोस्टकार्डे लिहिली; एक आईला आणि एक माझ्या बालमित्राला.

पहाटे शेजारची आजी मुलीला खेळवायला म्हणून आली. दारातूनच तिने आतला प्रकार पाहिला. “गुरुजी, एवढं झालं आणि तुम्ही बोलला नाही?” ती म्हणाली.

माझे डोळे भरून आले. मी म्हणालो, “आजी, आमच्यासाठी देवाला विनंती करा.”

“देवाला सांगतेच,” आजी म्हणाली, “पण आधी पाड्यातल्या पोरांना सांगते!”

घटकाभरात आठदहा तरुण आमच्या अंगणात जमले. त्यांनी एका लांब बांबूला जाड चादर बांधून डोली तयार केली. तिच्यात पत्नीला निजवले आणि पाऊस लागू नये म्हणून वर इरले धरले. आजीने मुलीला कडेवर घेतले. दर थोड्या अंतरावर खांदे बदलत, चिखल तुडवीत, कमरेइतक्या पाण्यातून ओढा ओलांडीत ते जव्हारच्या वाटेने निघाले. माझ्या खिशातील पोस्टकार्डे मी जव्हारलाच पेटीत टाकली. दवाखान्यात उपचार सुरू झाले आणि पाचव्या दिवशी ताप उतरला.

पुढे नगरहून उत्तरे आली. पत्र पोहोचले त्याच संध्याकाळी सर्वजण आमच्या घरी जमले होते, असे आईने लिहिले होते. मी दिवस मोजले. ती मंडळी जमली, तेव्हा ताप उतरलाही होता! मग त्या प्रार्थनेचा उपयोग काय झाला, असे तुम्ही विचाराल. मला एवढेच सांगता येईल, की दवाखान्याच्या ओसरीवर जागून काढलेल्या त्या रात्रींत मी एकटा नव्हतो. आपले पत्र वाटेवर आहे, ते आपल्या माणसांच्या हाती पडणार आहे, या विचाराने माझा धीर टिकून राहिला.

त्यानंतर शुभवर्तमानातील एक जुनी कथा मला नव्याने कळली. एका पक्षाघाती माणसाला चौघांनी खाटेवर घालून येशूकडे आणले. दाराशी गर्दी होती, म्हणून त्यांनी छप्पर उघडले आणि त्याला खाली सोडले. त्या चौघांची नावे कोठेही दिलेली नाहीत. पण ही कथा वाचताना मला दर वेळी जामसरची डोली दिसते. स्वतः येशूनेही अखेरच्या रात्री गेथशेमाने बागेत आपल्या तीन मित्रांना जागे राहण्याची विनंती केली होती. पौलाने तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांतही मित्रांकडे प्रार्थना मागितली आहे.

आपल्या महाराष्ट्रातील पंडिता रमाबाईंचेच पाहा. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. एवढ्या विदुषीलाही मागण्यात कमीपणा वाटला नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी निराधार मुलींना केडगावला आणले. तेथील मुक्तिसदनाची हकीकत त्या दूरदूरच्या मित्रांना कळवीत आणि त्यांच्याकडे प्रार्थना मागत. संस्थेच्या पत्रिकेचे नावच ‘मुक्ती प्रेअर बेल’, म्हणजे ‘मुक्तीची प्रार्थनाघंटा’, असे होते. मात्र प्रार्थना मागून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. शेती, विणकाम, छपाई अशी अनेक कामे त्यांनी मुलींना शिकवली.

प्रार्थना हा देवाशी केलेला सौदा नव्हे. काही वर्षांनी माझी आई अंथरुणाला खिळली. त्याही वेळी आम्ही सर्वांना प्रार्थना करण्यास सांगितले. आई बरी झाली नाही. परंतु बुधवारची ती माणसे पाळीपाळीने तिच्या उशाशी बसली आणि अखेरपर्यंत तिला एकटेपण जाणवले नाही. “आपल्या माणसांना सांगितली,” या तिच्या शब्दांचा अर्थ त्या दिवसांत मला पुरता कळला.

मुलांनो, तुमच्या घरी देवाला कोणत्याही नावाने हाक मारीत असोत, संकट कोणालाही चुकत नाही. अशा वेळी विश्वासाच्या माणसाजवळ मन मोकळे करण्यात लाज मानू नका. आणि कोणी तुमच्यापाशी आपले दुःख सांगितले, तर त्याची चर्चा करू नका. त्याच्यासाठी प्रार्थना करा आणि जमेल तेवढा खांदा द्या. झाकल्या मुठीचे मोल सव्वा लाख असेलही. पण हात जोडायचे असोत की दुसऱ्याचा हात धरायचा असो, मूठ आधी उघडावी लागते.