न दुखणारी जखम

पालघर

चि. बाळास,


तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या रसायन, कापड, पोलाद आणि औषधांच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशातून एकटे आलेले पुरुष मोठ्या संख्येने राबतात. अवधनगर, खैरापाडा, सरावलीच्या चाळींत एका खोलीत पाच-सात जण राहतात. दिवसपाळीचा उठला की त्याच जागी रातपाळीचा झोपतो. केवळ परप्रांतीय आहे म्हणून कुणाला लैंगिक संसर्ग होत नाही. बायकोपासून महिनोन्‌महिने दूर राहणे, परकी भाषा, आणि दवाखान्याची व पाळीची वेळ एकच असणे, यांतून धोका वाढतो. ओपीडीत सकाळ गेली की खाडा पडतो, आणि खाड्याची मजुरी मिळत नाही. मग माणूस रात्री भिंतीवर रंगवलेल्या ‘गुप्तरोग’च्या पत्त्यावर जातो.

परमा, म्हणजे गोनोरिया, पुरुषाला बहुधा लवकर कळतो: आठवडाभरात लघवीला जळजळ होते, पू येतो. गरमी, म्हणजे सिफिलिस, फसवी आहे. साधारण तीन आठवड्यांनी लिंगावर, गुदद्वाराशी किंवा तोंडात कडक व्रण येतो. तो सहसा दुखत नाही आणि औषध न घेताही तीन ते सहा आठवड्यांत भरून येतो. श्रेय भोंदू वैद्याच्या पुडीला मिळते. जंतू शरीरातच राहतात. पुढे तळहात-तळपायांवर पुरळ उठते. रसायने हाताळणारा कामगार ते कामामुळेच आले असे समजू शकतो, आणि तेही आपोआप जाते. तोवर सुटी लागते, माणूस गावी जातो आणि संसर्ग बायकोपर्यंत पोहोचतो. ती गरोदर असेल तर गर्भपात होऊ शकतो, मूल मृत किंवा रोग घेऊन जन्मू शकते. सुरुवातीच्या गरमीला बेंझाथिन पेनिसिलिनचे 24 लाख युनिटांचे एकच इंजेक्शन पुरते. इतक्या जुन्या आणि स्वस्त औषधावाचून मूल दगावावे, याला कसलीही सबब नाही. उपचार मात्र जोडीदाराचेही झाले पाहिजेत, नाहीतर आजार परत येतो.

निरोध दर वेळी, सुरुवातीपासून वापरावा. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावल्यास लॅटेक्स कमकुवत होऊन फाटते, हे फार थोड्यांना सांगितले जाते. पुरुषा-पुरुषांतल्या संबंधांनाही हेच लागू आहे. सल्ला देणाऱ्याने अशा संबंधांविषयी न लाजता विचारावे, कारण न विचारलेले कुणी आपणहून सांगत नाही. हेपेटायटिस बी लैंगिक संबंधातून पसरतो आणि त्यावर लस आहे.

एचआयव्हीची तपासणी सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रांत मोफत होते. संबंधानंतर लगेच केलेली तपासणी निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करावी. संसर्ग टाळणारी तातडीची औषधे संबंधानंतर 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यावी लागतात, त्यामुळे रविवारच्या सुटीची वाट पाहण्यात संधी जाते. निदान झालेल्या प्रत्येकाला एआरटी, म्हणजे विषाणू रोखणारी, औषधे मोफत देण्याचे धोरण 2017 पासून आहे. ती नियमित घेऊन रक्तातले विषाणू मोजता न येण्याइतके कमी झाले आणि तसेच राहिले, की संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. गावी जाणाऱ्याने निघण्याआधी आपल्या उपचार केंद्रात सांगावे, म्हणजे उपचार तिकडच्या केंद्रात चालू ठेवता येतात; गोळ्यांत खंड पडला तर विषाणू पुन्हा वाढतात. माहितीसाठी 1097 हा मोफत क्रमांक आहे.

एचआयव्ही कायदा 2017 चा, लागू झाला 10 सप्टेंबर 2018 ला. त्यानुसार नोकरीसाठी ही तपासणी सक्तीची करता येत नाही, संमतीशिवाय निकाल इतरांना सांगता येत नाही, आणि 100 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. म्हणून कारखान्यात तपासणीचे शिबिर भरवायचे तर ते पाळी सुटताना, हिंदी-भोजपुरी बोलणाऱ्या समुपदेशकाकडून भरवावे, आणि निकालाचा कागद मुकादमाच्या हाती जाऊ देऊ नये.

तुझा,
मामा