वगळलेल्याचा हिशेब

अकोल्याचे गृहस्थ ‘कारंज्याला जाऊन येतों’ म्हणाले, म्हणजे ते कारंजा लाडला निघाले असें आपण समजतों. वर्ध्याकडील मनुष्याच्या तोंडीं तेंच नांव कारंजा घाडगे होतें. बोलणारा कोठें उभा आहे हें ठाऊक असलें म्हणजे घोटाळा होत नाहीं. परंतु ऐकणारें यंत्र असेल, तर त्यानें कोणतें गांव समजावें?

लिखाणाच्या एकामागून एक झालेल्या आवृत्त्या जपून ठेवणारी ‘गिट’ ही संगणकप्रणाली लिनस टोरव्हाल्ड्स यांनीं २००५ सालीं निर्माण केली. बदललेल्या फायली नोंदीस घेणारी तिची ‘ॲड -यू’ ही आज्ञा, स्थळ न सांगतां दिली, तर पूर्वीं आपण उभे असूं तेवढ्याच फोल्डरापुरती चाले. उलट ‘कमिट -ए’ ही तिची बहीण सर्व संग्रह पाही. २०१४ सालीं आलेल्या २.० या आवृत्तीनें हा दुजाभाव मोडला. आतां नुसती आज्ञा म्हणजे सर्व संग्रह. येथपुरतेंच हवें असेल त्यानें पुढें एक टिंब लिहावें. आमच्या मतें हें योग्यच झालें. मर्यादा घालावयाची ती बोलून घालावी.

याहून नाजूक प्रकरण वगळण्याचें. काय नोंदूं नये, याची यादी ‘गिटइग्नोर’ नांवाच्या फायलींत लिहितात. आमच्या ओळखीच्या एका विद्यार्थिनीनें अमरावती-अकोल्याकडील खेड्यांतून वृद्धांच्या तोंडचे वऱ्हाडी शब्द जमविले होते. सर्वांत वरच्या फोल्डरांतील कच्चीं टिपणें टाळावीं, म्हणून तिनें यादींत ‘जुने’ हा शब्द व त्यापुढें एक तिरपी रेघ लिहिली. शेवटची रेघ एवढेंच सांगते कीं, हें फोल्डर आहे; तें कोणत्या पातळीवरचें, हें ती सांगत नाहीं. त्यासाठीं आरंभींही रेघ हवी. प्रत्येक गांवाच्या फोल्डरांत म्हाताऱ्या माणसांच्या शब्दांचें एक ‘जुने’ होतेंच. तीं सर्व निमूटपणें गळलीं. संगणक बिघडला तेव्हां अन्यत्र ठेवलेल्या प्रतींत तीं नव्हतीं. शब्द सांगणाऱ्या एक आजी तोंवर निवर्तल्या होत्या.

नियम लेखी आहे, हें खरें. तथापि एक गोष्ट आम्हांस खटकते. वगळलेल्या फायलीचें नांव घेऊन ती नोंदूं गेलें, तर ‘ॲड’ स्पष्ट सांगते कीं ही वर्ज्य आहे; सरसकट फोल्डर दिलें, तर मात्र ती मौन धरते. कोणत्या ओळीनें काय गळलें हें सांगणारी ‘चेक-इग्नोर’ आज्ञा आहे. पण ज्यास शंकाच नाहीं, तो विचारणार कशाला? यंत्रानें आपोआप निर्माण केलेल्या शेंकडों निरुपयोगी फायलींचा पाढा रोज ऐकवूं नये, हें मान्य. परंतु नवी ओळ प्रथम लागू होतांना तिनें काय गिळलें, हें न विचारतां एकदां सांगावें, एवढेंच आमचें मागणें.

आमच्याच जिल्ह्यांतील रिद्धपूर हें लीळाचरित्राच्या परंपरेचें ठिकाण. त्या ग्रंथाच्या पोथ्यांतून पाठभेद आढळतात, आणि अमका पाठ अमक्याचा अशी नोंदही सांपडते. वगळल्यावांचून संग्रह होत नाहीं. परंतु आपण काय वगळलें, हें ज्या संग्रहास सांगतां येत नाहीं, त्यावर विसंबावें तरी कसें?