मनुकांचा हिशेब

स्वयंपाकघरांतील पदार्थांची वर्गवारी कोणी गोड-तिखटांत करतात, कोणी कच्च्या-पक्क्यांत. मला विचाराल तर त्यांच्या दोनच जाती आहेत: आजच्या पोटासाठीं केलेले आणि पुढच्या कोणा दिवसासाठीं केलेले. पोळी पहिल्या जातीची, लोणचें दुसऱ्या. केक म्हटला कीं आपल्याकडे दुकानांतला, साखरेच्या फुलांनीं लडबडलेला आणि दुसऱ्या दिवशीं शिळा होणारा प्रकार डोळ्यांपुढें येतो. परंतु सुक्या मेव्याचा केक हा लोणच्याचाच भाऊबंद. तो मुरावा लागतो.

त्याची माझी ओळख डंडी येथें झाली. यजमानांच्या संशोधनानिमित्त १९९५ पासून दोन वर्षें आम्ही स्कॉटलंडमधील या बंदरांत राहिलों. गांव टे नदीच्या मुखाशीं. वारा असा कीं छत्री उघडणें हा निव्वळ आशावाद! ताग, मुरंबा आणि वर्तमानपत्रें या तिहींवर आपलें गांव उभें राहिलें, असें तेथील लोक सांगतात. मुरंबा म्हणजे कडवट संत्र्यांचें मार्मालेड. तें करणाऱ्या कीलर यांच्या कारखान्यानेंच संत्र्याची साल घातलेला, वर बदामांचीं वर्तुळें मांडलेला 'डंडी केक' एकोणिसाव्या शतकांत बाजारांत रूढ केला, असें मानतात. दंतकथा मात्र त्याचें मूळ थेट मेरी राणीपर्यंत नेते. तिला म्हणे केकांत चेरी आवडत नसत. या न्यायानें आपल्या श्रीखंडामागेंही एखादी पेशवीण सहज उभी करतां येईल.

आमच्या घरमालकीणबाई साठी उलटलेल्या होत्या. त्या तोंडानें थोडें शिकवीत, चुकणारा हात मात्र धरीत. लोणी व साखर प्रत्येकीं पावणेदोनशें ग्रॅम घेऊन पांढरी होईतों फेसावयाची. अंडीं एकेक करून घालावयाचीं, आणि मिश्रण फाटूं लागलें कीं चमचाभर मैदा टाकून त्याला सांवरावयाचें. मग उरलेला मैदा, थोडी बदामाची पूड, साडेतीनशें ग्रॅम बेदाणे-मनुका आणि पाकवलेली साल. वरचे बदाम सोलून हलक्या हातानें ठेवावयाचे. दाबले तर ते बुडतात. साखर भरपूर म्हणून कड आधीं करपते, यासाठीं साच्याला आंतून दुहेरी आणि बाहेरून जाड तपकिरी कागद. मंद आंचेवर सुमारें दोन तास. थंड झाला कीं कागदांत गुंडाळून डब्यांत, आणि आठवडाभर त्याचें नांव काढावयाचें नाहीं. साखर ओलावा बांधून ठेवते, बुरशीच्या हातीं तो लागूं देत नाहीं. आपल्या मुरंब्याचें रहस्यही हेंच.

बाई मनुका तराजूंत घालीत आणि चार अधिक पडल्या तर मोजून बरणींत परत टाकीत. याचें कारण एकदां त्यांनीं आपण होऊन सांगितलें. १९४३ सालीं त्यांच्या थोरल्या बहिणीचें लग्न झालें, तेव्हां त्या दहा वर्षांच्या होत्या. युद्ध चालू, सुका मेवा रेशनवर, आणि केकवर साखरेचा लेप देण्यास सरकारनें १९४० मध्येंच बंदी केलेली. ही मुलगी बरणी घेऊन गल्लींतून दारोदार फिरली. कोणीं मूठभर मनुका घातल्या, कोणीं सात-आठ. केक झाला तो एवढासा. त्यावर तीन मजली पांढऱ्या पुठ्ठ्याचें टोपण भाड्यानें आणून ठेवलें, छायाचित्रापुरतें.

"कोणीं किती दिल्या हें आईनें लिहून ठेवलें होतें," बाई म्हणाल्या. "सगळ्या फेडल्या."

त्यांची आई तागाच्या गिरणींत विणकाम करी. त्या गांवांत गिरणीकामगार बहुतेक बायकाच. ताग येई बंगालमधून. आणि १९४३ हा आंकडा ऐकून माझें मन तेथेंच जाऊन पोहोंचलें. त्या सालीं सुरू झालेल्या दुष्काळांत बंगालमधील वीस ते तीस लाख माणसें भुकेनें व रोगराईनें गेलीं, असा अंदाज आहे. हें पाहुणीनें सांगावें कीं नाहीं, याचा मीं क्षणभर विचार केला, मग सांगितलें.

बाईंचे हात थांबले. "गासड्यांवर कलकत्त्याचें नांव असे," बऱ्याच वेळानें त्या म्हणाल्या. "मी तें वाचीत असें."

त्या दोन टंचाया एका तराजूंत घालण्यासारख्या नव्हत्या. त्यांनीं तसें केलें नाहीं, आणि हळहळीचे दोन उपचारही केले नाहींत, याबद्दल त्यांच्याविषयीं माझा आदर वाढला. उरलेले बदाम आम्ही दोघींनीं न बोलतां सोलले.

पुण्यास परतल्यावर केक करावयाचा म्हणजे सासूबाईंची परवानगी हवी. अंडें त्यांना वर्ज्य. भट्टी गॅलरींत ठेवावी, भांडीं वेगळीं असावींत, या अटींवर ती मिळाली. मेवा निवडण्याचें काम मात्र त्या दुसऱ्या कोणाच्या हातीं देत नसत. तासगांवचे बेदाणे सुपांत घेऊन एकेकाचें देठ काढीत बसत. केक तयार झाला कीं शेजारीपाजारीं कोणाकडे किती तुकडे जावयाचे, हेंही त्याच ठरवीत. स्वतः त्यांनीं तो कधींच खाल्ला नाहीं. पहिल्या वर्षीं डबा उघडला तेव्हां जवळ येऊन त्यांनीं वास घेतला.

"अगं, यांत जायफळ नाहीं घातलेंस?"

डंडीच्या आमच्या बाई जायफळ घालीत नसत. आमच्या घरच्या केकांत तें १९९८ पासून असतें.