नाडीचे बूट

सौंसरजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेतील सालदारास कामाचे बूट घेऊन द्यावयाचे ठरले, तेव्हा नाडीचे की बिननाडीचे, हा प्रश्न आम्हांस प्रश्नच वाटला नव्हता. वर्षानुवर्षे प्रार्थनेच्या रांगांतून मुलांच्या सुटलेल्या नाड्या न्याहाळणाऱ्या मुख्याध्यापकाने दुसरे काय निवडावे? नाडी आवळली की टाच जागच्या जागी राहते, घोट्यास आधार मिळतो, शिडीवरून फळे तोडताना पाऊल बुटाच्या आत सरकत नाही. हे सारे आम्ही पांढुर्ण्याच्या दुकानात उभ्याउभ्या त्यास समजावून सांगितले. तो कोपऱ्यातील काळ्या गमबुटांकडे पाहत होता. "नाड्या बांधत बसू, तं पानी कोन देईन, गुरुजी?" एवढेच तो म्हणाला. आम्ही हसलो आणि नाडीचे बूट बांधून घेतले.

आमच्याकडे शेतीची वीज बहुधा मध्यरात्रीनंतर येते. ती आली की मोटर सुरू करून आळ्याआळ्यांतून पाणी फिरवावयास धावावे लागते. आंबिया बहाराचे पाणी सुरू होते. फाल्गुन सरत आला असता एका रात्री दोन वाजता वीज आली. बूट झोपडीच्या दाराशीच होते, आम्ही शिकविल्याप्रमाणे नाड्या नीट बांधून ठेवलेले. त्या सोडून, पाय घालून, पुन्हा बांधावयाची तेवढी मिनिटे त्याने वाचविली आणि रबरी चपलांवरच तो निघाला. तिसऱ्या आळ्यापाशी घोणस चावली.

पांढुर्णा २०२३ साली जिल्ह्याचे ठिकाण झाले. तरी अशा वेळी आमच्याकडची गाडी नागपूरकडेच वळते. वाटेत कोणी पाय करकचून बांधला नाही, चिरा दिल्या नाहीत, हे त्याचे नशीब. रुग्णालयात त्याचे रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवले. निरोगी माणसाचे रक्त तेवढ्या वेळात गोठते. त्याचे पातळच राहिले. घोणशीचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती हिरावते आणि पुढे मूत्रपिंडांवर उठते, असे डॉक्टरांनी सांगितले. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर चालणारे एकच प्रतिविष असते; ते शिरेतून दिले. ती वीस मिनिटे आम्ही दाराशी बसून होतो. एवढा लांब तास आम्ही शाळेत कधी घेतला नाही.

अकराव्या दिवशी तो घरी आला. आम्ही मुकाट्याने जाऊन गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणले. त्यांत पाय घामेजतो, चिखलात बूट रुतून पाय तेवढा वर येतो, शिडीवर तर ते धोक्याचेच. शिवाय पोकळीत विंचू शिरतो, म्हणून घालण्यापूर्वी उलटे करून आपटावे लागतात. पण अंधारात झोपेतून उठलेला माणूस ते घालतो. बाजूस इलॅस्टिक असलेले बूटही दुकानदाराने दाखविले; घालावयास सोपे, पण घोट्याच्या वर पाय उघडाच. आमच्या तालुक्यातील मँगनीजच्या खाणीत बुटांवाचून कामगारास उतरता येत नाही. बागेत नियम नसतो, मालकाचा समज असतो.

आता गमबूट झोपडीच्या दाराशी दोन खुंट्यांवर उलटे टांगलेले असतात. तोडीच्या दिवसांत तो नाडीचे बूट काढतो. यंदा पोळ्याला बैल घेऊन आमच्या दारी आला, तेव्हा तेच घालून आला होता. नाड्या अगदी आमच्यासारख्या बांधल्या होत्या. आम्ही बैलांकडेच पाहत राहिलो.