आईची सकाळची गोळी

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाला आमच्याकडे धाकटी पंढरी म्हणतात. आषाढीला गडावरून नगद नारायण महाराजांची पालखी पंढरपूरला निघते. माझी आई त्या दिंडीत चालते. तिला बीपी आहे. आधी नुसती अ‍ॅम्लोडिपिन होती. त्या गोळीवर वरचा आकडा १५० च्या खाली येईना, म्हणून बीडच्या डॉक्टरांनी सकाळी घ्यायला क्लोरथॅलिडोन जोडून दिली, साडेबारा मिलिग्रॅमची.

आठवड्यातच आईची तक्रार सुरू झाली. "सारखं लघवीला लागतंय. ही गोळी मी दिंडीत न्यायची नाही. वाटंनं बाईमाणसानं बसावं कुठं?"

तिचं म्हणणं रास्तच होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्याकडच्या बायका याच कारणानं फडात दिवसभर पाणी टाळतात. बाईला ही गोळी लिहून देणाऱ्यानं तिला आडोसा मिळतो का, हेही विचारायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

डॉक्टरांनी ते विचारलं. मग नीट समजावलं. थायझाइड जातीची ही औषधं १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहेत. मूत्रपिंडातून मीठ बाहेर टाकलं जातं आणि त्याच्यामागून पाणी जातं. म्हणून सुरुवातीला लघवी वाढते. काही आठवड्यांत ती बरीचशी पूर्वीसारखी होते. पण रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी खालीच राहतं. "आजी, दिंडीला अजून अवकाश आहे. तोवर घेऊन बघा," ते म्हणाले.

तसंच झालं. आषाढ लागेपर्यंत आईचं सारखं उठणं थांबलं आणि वरचा आकडा १३० च्या घरात आला.

मला खरी काळजी वेगळीच होती. लघवीच्या धास्तीनं ती पाणीच कमी पिऊ लागली होती. या गोळीवर तसं करणं धोक्याचं. शिवाय या गोळीनंच रक्तातलं सोडियम, पोटॅशियम उतरू शकतं. मग गळाठा येतो, पायात गोळे येतात, म्हातारं माणूस बरळायलाही लागतं. म्हणून निघण्याआधी डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं. सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि साखर पाहिली. ही गोळी यूरिक अ‍ॅसिड वाढवते, म्हणून तेही पाहिलं. वाटेत जुलाब-उलट्या लागल्या तर गोळी रेटायची नाही, लगेच डॉक्टरांना विचारायचं, हे तिच्याकडून वदवून घेतलं. पंगतीतलं लोणचं आणि पापडही बंद केला, कारण मीठ जास्त झालं की या गोळीचा जोर कमी पडतो. लोणच्यावरून मात्र ती रुसली.

आई पंढरपूरला चालत पोचली, गोळी न चुकवता.

तुमच्या घरचं कुणी दिंडीत किंवा ऊसतोडीला जात असेल, तर निघण्याआधी त्यांची गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे मोकळी करा. लघवीची अडचण न लाजता सांगा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. पालखीच्या वाटेवरच्या गावांनाही एक विनंती: पंगतीइतकीच बायकांसाठी शौचालयाची सोय करा.