डबरातले स्फटिक

डोंगरातलं डोंगरातच राहावं, असं माझं ठाम मत होतं. बदलापूरजवळच्या कोंडेश्वरच्या वाटेवर कुणी चकाकता दगड पिशवीत टाकताना दिसला, की मी त्याला टोकायचो. जे घडायला इतका काळ गेला, ते उचलून शोकेसमध्ये ठेवणं म्हणजे ओरबाडणंच, असं तावातावाने सांगायचो. आज मी स्वतः स्फटिक वेचतो आणि खरवईतल्या पोरांनाही वेचायला शिकवतो.

मत बदललं ते खडीमुळे. बदलापूर वाढतंय, आणि इमारतीला, रस्त्याला, सगळ्याला खडी लागते. ती येते आपल्याच काळ्या कातळातून. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचले, त्यातले वायूचे बुडबुडे तसेच थिजले आणि त्या पोकळ्यांत झिरपलेल्या पाण्यातून हे स्फटिक वाढले. खाणीत सुरुंग उडतो, डबर डंपरमध्ये पडतं आणि पोकळ्यांसकट क्रशरमध्ये जातं. ज्याला हात लावू नका म्हणून मी भांडत होतो, ते आमच्याच घरांच्या स्लॅबमध्ये जात होतं! हे कळल्यावर त्या भांडणात काही अर्थ उरला नाही.

भरावासाठी ओतलेल्या डबरात एका दगडाला आवळ्याएवढी पोकळी दिसली. कडेला हिरवट पापुद्रा, त्याच्या आत दुधी पट्टा आणि त्यावर दाटीने उभी राहिलेली, पाण्यासारखी स्वच्छ टोकं. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक स्फटिकाला सहा बाजू आणि त्या बाजूंवर आडव्या बारीक रेघा. क्वार्ट्झची ही पक्की खूण. सह्याद्रीच्या कातळात अपोफिलाइटही असाच पारदर्शक मिळतो, पण त्याची घडण चौकोनी असते आणि बाटलीच्या काचेवर त्याचा ओरखडा उठत नाही. क्वार्ट्झचा उठतो.

आपल्या कातळाची कीर्ती जगभर गेली तीही फोडलेल्या दगडातूनच. 1856 ते 1863 या काळात बोरघाटात रेल्वेचं काम झालं. तिथे निघालेली झिओलाइट खनिजं परदेशातल्या संग्रहालयांत पोहोचली. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतला निळा कॅव्हन्साइट असाच जगाला माहीत झाला. सिन्नरचं ‘गारगोटी’ संग्रहालय एकदा पाहून या, म्हणजे खडीच्या ढिगाकडे बघायची नजरच बदलेल.

उभ्या कड्यावर, धबधब्याच्या कातळावर छिन्नी चालवायला माझा विरोध आजही तेवढाच आहे. वेचायचं ते फोडून टाकलेल्या डबरातून, खाणमालकाला विचारून, आणि सुरुंगाच्या वेळी तिकडे फिरकायचंही नाही. घरी आल्यावर दगड कुठून आणला, कधी आणला, याची चिठ्ठी त्याला लावायचीच. चिठ्ठी नसलेल्या स्फटिकाचा अभ्यासाला काडीचा उपयोग नाही.

भोजपासून मोरबेपर्यंत माथेरानच्या डोंगराखालून वडोदरा–मुंबई महामार्गाचा चार किलोमीटरहून लांब बोगदा आखला गेला. अशा प्रत्येक कामावर आणि प्रत्येक खाणीवर आपल्या भागातल्या कॉलेजांच्या भूशास्त्र विभागांना वेळोवेळी जाऊ द्यावं, डबर क्रशरला जाण्याआधी निवडक नमुने काढून घेऊ द्यावेत, एवढी माझी ठेकेदारांना, खाणमालकांना आणि गौण खनिजाचा परवाना देणाऱ्या महसूल खात्याला विनंती आहे.