बाबांच्या येझदीला रंग देताना

तुमच्या घरी वडिलांची किंवा सासऱ्यांची जुनी मोटरसायकल असेल आणि त्यांना न सांगता ती नवी करून द्यायचा विचार मनात घोळत असेल, तर आधी माझी फजिती ऐका.

आई गेल्यानंतर बाबा जळगावहून आमच्याकडे इंदूरला राहायला आले. सामान म्हणाल तर दोन बॅगा, देवघर आणि टेम्पोतून आलेली 1984 ची मरून येझदी. किक आणि गिअर एकाच दांड्याचे, ती. लहानपणी मी या गाडीच्या टाकीवर बसून शाळेत जायचे. गळ्यातली स्टीलची पाण्याची बाटली आपटून आपटून टाकीच्या डाव्या बाजूला एक पोचा आला होता. आई दर रविवारी गाडी पुसताना त्यावरून मला बोलायची.

बाबांचा 75 वा वाढदिवस जवळ आला तेव्हा ते एका लग्नासाठी आठ दिवस जळगावला गेले होते. निखिलने आणि मी टाकी काढली, गॅलरीत पॉलिश पेपरने घासली, पोच्यात पुटी भरली आणि हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले मरून स्प्रेचे तीन डबे मारले. टाकी आरशासारखी चमकली. बाबा आले, त्यांनी टाकीवरून हात फिरवला. डाव्या बाजूला हात जरा थांबला. "छान झालीय," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पंपावर पेट्रोल जरा जास्त भरलं गेलं आणि तोंडातून ओघळ खाली आला. डोळ्यांदेखत रंगावर दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या पडल्या. बाबांनी खिशातला रुमाल काढून पुसलं, तर रुमाल मरून! ते काही बोलले नाहीत. मी मात्र घरी येऊन रडले.

माझी चूक रंग निवडण्यात होती. चूक समजायला मला स्वयंपाकघर आठवावं लागलं. साखरेची वडी कितीही खुटखुटीत वाळली, तरी पाण्यात टाकली की विरघळते. ढोकळ्याचं तसं नाही. तो एकदा वाफवला की पाण्यात कितीही ठेवा, परत पीठ होत नाही. साधा स्प्रे किंवा दुकानदार ज्याला एनसी म्हणतात तो रंग साखरेच्या वडीसारखा असतो. त्यातला थिनर उडाला की तो वाळतो, आणि पेट्रोल किंवा थिनर लागलं की पुन्हा मऊ पडतो. दारं-खिडक्यांचा ऑइल पेंट हवेने हळूहळू पक्का होतो, पण टाकीवर तोही टिकत नाही. टाकीला लागतो तो ढोकळ्याच्या जातीचा, म्हणजे टू-के पीयू. त्यात रंगाचा एक डबा आणि हार्डनरचा दुसरा. दोन्ही मिसळल्यावर आतमध्ये रासायनिक क्रिया होते आणि रंग कायमचा घट्ट होतो. म्हणून दुकानात "पेट्रोलप्रूफ आहे का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "याच्यासोबत हार्डनर वेगळा येतो का?" असं विचारा. नसेल तर डबा परत ठेवा. नुसत्या रंगावर समाधान मानू नका. वरचा क्लिअर कोटही टू-केच हवा, कारण पेट्रोल पहिल्यांदा त्यालाच भिडतं.

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांनाही त्रास देतं. त्यामुळे टाकी रंगवायला काढली आहेच, तर आतला गंज आणि पेट्रोल कॉकचं वायसर त्याच वेळी बघून घ्या. गळका कॉक तसाच ठेवून महागडा रंग मारणं म्हणजे गळक्या छताखाली नवं फर्निचर मांडणं.

निखिलचं म्हणणं होतं की सरळ पावडर कोटिंग करू. पावडर कोटिंग मजबूत असतं, यात वादच नाही. आमच्या गाडीची चासी आणि स्टँड आम्ही तसेच करून घेतले. पण ते भट्टीत साधारण 180 ते 200 अंशांवर भाजतात. "अगं, कॉकजवळ मी डाग देऊन घेतलाय," बाबा म्हणाले, "तो वितळेल." खरंच होतं. शिसं-कथलाचा डाग त्या तापमानाला टिकत नाही, आणि पुटीही नाही. आणखी एक गोष्ट बाबांनीच बजावली: रिकामी वाटणारी टाकीसुद्धा पेट्रोलच्या वाफेने भरलेली असते. धुऊन, वाफ पूर्ण काढल्याशिवाय तिच्याजवळ गॅसची शेगडी, वेल्डिंग, काहीही नको.

मग टू-के रंग आपणच मारावा, असं मी ठरवलं. पैसे वाचले असते. हट्टही होता, मीच बिघडवलंय तर मीच दुरुस्त करीन. डबा घरी आला. त्यावरची बारीक अक्षरं वाचायला चष्मा लावला आणि हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं हे पहिल्यांदा कळलं. त्याचा फवारा श्वासात गेला तर धडधाकट माणसालाही दमा जडू शकतो. साधा कापडी किंवा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. आमच्या ओवीला दमा आहे. गॅलरीला लागूनच तिची खोली. त्या आधी तिथेच तीन डबे मारले होते, तेव्हा ती दोन रात्री खोकत होती आणि मी हवा बदलली म्हणून तिला काढा पाजत होते! ते आठवून अंगावर काटा आला.

डबा दुकानात परत केला. टाकी कार रंगवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये दिली, जिथे स्प्रे बूथ आहे. पैसे गेले, पण मला त्याचं दुःख नाही. तुमच्या घरी लहान मूल, म्हातारं माणूस किंवा दम्याचा रुग्ण असेल, तर हे काम घरी करूच नका.

कारागिराने माझा रंग आणि पुटी पत्र्यापर्यंत काढली. खालून तो पोचा पुन्हा वर आला. त्याने पुटीचा डबा उघडला, तेवढ्यात बाबा म्हणाले, "तो राहू द्या." कारागीर माझ्याकडे बघू लागला. मी मान हलवली. आधी इपॉक्सी प्रायमर, मग मरून, मग क्लिअर. टाकीच्या तोंडाच्या कडेपर्यंत क्लिअर नेऊन ती कड बंद करायला मी मुद्दाम सांगितलं, कारण पेट्रोल बहुतेक वेळा तिथूनच रंगाखाली शिरतं.

रंग त्याच संध्याकाळी हाताला कोरडा लागत होता. कोरडा म्हणजे पक्का नव्हे. तो आतपर्यंत पक्का व्हायला आठवडाभर द्यावा लागतो, थंडीत जास्तच. आम्ही दहा दिवस थांबलो. मग अंगणात, आजूबाजूला काही पेटतं नाही हे बघून, पेट्रोलमध्ये बुडवलेला फडका टाकीच्या तळाशी, दिसणार नाही अशा जागी, दोन मिनिटं धरला. फडका पांढराच राहिला. बाबांनी तो उलटून दोन्ही बाजूंनी पाहिला.

आता रविवारी ओवी गाडी पुसते. परवा तिने विचारलं, "आजोबा, इथे खड्डा का आहे?"

"तुझ्या आईला विचार," बाबा म्हणाले.